बाजार ते न्यायमंदिर : हल्ल्यानंतरच्या प्रश्नांचा आढावा

संध्याकाळी सहाच्या सुमारास लहरीपुरा दरवाज्याखाली पाच मिनिटे उभे राहिले, तर बडोद्याची निम्मी वस्ती डोळ्यांसमोरून जाते असे वाटते. मंगळ बाजारातून पिशव्या सावरत निघालेल्या बाया, मांडवीकडे वळणाऱ्या रिक्षा, सूरसागरच्या काठी हवा खायला निघालेली म्हातारी माणसे. दरवाज्याजवळच न्यायमंदिराची भव्य इमारत आहे. सयाजीराव महाराजांनी ती मुळात भाजीमंडईसाठी बांधायला घेतली होती, असे सांगतात. पुढे तिला महाराणी चिमणाबाईंचे नाव मिळाले आणि १८९६ पासून तिथे न्यायदान सुरू झाले. २०१८ मध्ये न्यायालय दिवाळीपुऱ्याच्या नव्या संकुलात गेले, तरी जुन्या बडोदेकराच्या तोंडी ‘न्यायमंदिर’ म्हणजे हीच जागा.

मंडईसाठी योजलेल्या जागेचे न्यायालय झाले. या लेखाचा विषय या दोन जागांमधले अंतर हाच आहे. बाजारात, देवळात, उपाहारगृहात, लोकलच्या डब्यात स्फोट होतो किंवा गोळीबार होतो. तिथपासून न्यायालयाच्या शेवटच्या निकालापर्यंत काय घडते, कोणाला काय मिळते आणि कोणते प्रश्न तसेच राहतात, याची चर्चा देशात तीस वर्षे चालू आहे. गुजरात आणि महाराष्ट्रातल्या खटल्यांच्या आधारे ती आज कुठवर आली आहे, हे पाहायचे आहे.

तीन संध्याकाळी

१२ मार्च १९९३ रोजी मुंबईत एकामागून एक बारा स्फोट झाले आणि २५७ माणसे गेली. शेअर बाजार, हॉटेले, पेट्रोल पंप अशा रोजच्या वर्दळीच्या जागाच निशाणा होऊ शकतात, हे त्या दुपारी पश्चिम भारताला पहिल्यांदा कळले. पण आजच्या चर्चेला जे वळण आहे, ते प्रामुख्याने त्यानंतरच्या तीन घटनांनी दिले, असे मला वाटते.

पहिली गांधीनगरची. २४ सप्टेंबर २००२ रोजी, मंगळवारी दुपार कलत असताना दोन बंदूकधारी अक्षरधाम मंदिराच्या आवारात शिरले. रात्रभर चकमक चालली आणि पहाटे राष्ट्रीय सुरक्षा दलाच्या कमांडोंनी दोघांना ठार केले. ३० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. दुसरी अहमदाबादची. २६ जुलै २००८, शनिवार. सुमारे सत्तर मिनिटांत २१ स्फोट आणि ५६ मृत्यू. आधी बाजार आणि वस्त्या, मग जखमींना जिथे नेले त्या रुग्णालयांचे आवार. मदतीला धावलेले आणि आपले माणूस शोधत आलेले लोक सिव्हिल रुग्णालयाच्या दारात मारले गेले. स्फोटासाठी वापरलेल्या गाड्या नवी मुंबईतून चोरलेल्या होत्या. जबाबदारी स्वीकारणारा ईमेलही नवी मुंबईतल्याच एका घरच्या वायफायवरून गेला होता. हालोल-पावागडच्या जंगलात आधी प्रशिक्षण शिबिर झाले, असे पोलिसांचे म्हणणे होते. बडोद्याहून पावागड तासाभराच्या अंतरावर आहे. आपल्या घरातली किती माणसे दरवर्षी त्या गडाच्या पायऱ्या चढतात!

तिसरी पुण्याची. १३ फेब्रुवारी २०१०, तोही शनिवारच. कोरेगाव पार्कातल्या जर्मन बेकरीत टेबलाखाली ठेवलेल्या पिशवीचा संध्याकाळी सातच्या सुमारास स्फोट झाला. १७ जण गेले. त्यांत शिकायला आलेली तरुण मुले होती, परदेशी पाहुणे होते.

कायद्याची वाट

या घटनांचे खटले वेगवेगळ्या कायद्यांखाली चालले आणि वादाचे मूळ बरेचसे तिथेच आहे. दहशतवादविरोधी टाडा कायदा १९८५ मध्ये आला आणि १९९५ मध्ये संपू दिला गेला. २००२ मध्ये त्याच धर्तीचा पोटा आला, २००४ मध्ये रद्द झाला. महाराष्ट्राने १९९९ मध्ये संघटित गुन्हेगारीविरुद्ध मकोका केला आणि तो पुढे बॉम्बस्फोटाच्या खटल्यांतही लावला गेला. गुजरातच्या तशाच कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळायला बरीच वर्षे लागली. अखेर तो डिसेंबर २०१९ पासून लागू झाला. दरम्यान बेकायदा कारवायांविरुद्धचा यूएपीए हा जुना केंद्रीय कायदा २००४, २००८, २०१२ आणि २०१९ मध्ये कडक होत गेला. मुंबईवरच्या २००८ च्या हल्ल्यानंतर राष्ट्रीय तपास संस्था, म्हणजे एनआयए, स्थापन झाली.

नावे बदलली, पण कळीचा मुद्दा एकच राहिला. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा मानायचा का? सर्वसाधारण कायद्यात तो मानत नाहीत. ब्रिटिश अमदानीतल्या पुरावा कायद्यानेही पोलीस ठाण्यातल्या कबुलीवर विश्वास ठेवला नव्हता आणि २०२३ च्या नव्या साक्ष अधिनियमानेही तो नियम कायम ठेवला आहे. टाडा आणि पोटा मात्र अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब ग्राह्य धरत होते, मकोका आणि गुजरातचा कायदा आजही धरतात. यूएपीए धरत नाही. १९९४ च्या कर्तारसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने टाडातली ही तरतूद वैध ठरवली, पण ती वापरताना कोणती काळजी घ्यायची हेही सांगितले.

कबुलीचा प्रश्न

तपास यंत्रणा, सरकारी वकील आणि हल्ल्यात माणसे गमावलेली बरीच कुटुंबे एक बाजू मांडतात. तिच्यातली कळकळ खरी आहे. कट चार भिंतींच्या आत शिजतो. तो पाहणारा त्रयस्थ नसतो, कागद नसतो, आणि असला तर जाळलेला असतो. साक्षीदाराला आपल्या लेकराबाळांची भीती असते. खून-मारामारीच्या गुन्ह्यासाठी घडवलेले पुराव्याचे नियम इथे लावले, तर कट रचणाऱ्यापर्यंत हात पोहोचणारच नाही, असे या बाजूचे म्हणणे. अहमदाबादच्या खटल्याकडे ते बोट दाखवतात. ३५ गुन्हे एकत्र करून चाललेल्या या खटल्यात अकराशेहून अधिक साक्षीदार तपासले गेले आणि आरोपींपैकी एक जण माफीचा साक्षीदार झाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये विशेष न्यायालयाने ४९ जणांना दोषी धरले, २८ जणांना सोडले. दोषींपैकी ३८ जणांना फाशी आणि ११ जणांना जन्मठेप झाली. एकाच निकालात इतक्या फाशीच्या शिक्षा स्वतंत्र भारतात आधी झाल्या नव्हत्या. ज्यांनी शिक्षा दिली त्यांनीच २८ जणांना सोडलेही. म्हणजे न्यायालयाने सरसकट निवाडा केला नाही, असे या बाजूचे लोक सांगतात.

दुसरी बाजू मांडताना अक्षरधाम खटल्यापासून सुरुवात करावी लागते. तो गुजरातमधला आहेच, शिवाय हा सारा वाद त्यात एकवटलेला आहे. हल्ला करणारे दोघे जागेवरच मारले गेले होते. त्यांना मदत केली या आरोपावरून जवळजवळ वर्षभराने, ऑगस्ट २००३ च्या अखेरीस, धरपकड झाली. जुलै २००६ मध्ये पोटा न्यायालयाने सहा जणांना शिक्षा सुनावल्या, त्यांत तिघांना फाशी होती. २०१० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने त्या कायम केल्या. १६ मे २०१४ रोजी, देश लोकसभेचे निकाल पाहत बसला होता त्याच दिवशी, सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले.

त्या निकालातला एक तपशील वाचल्यावर विसरता येत नाही. मारल्या गेलेल्या हल्लेखोरांच्या विजारीच्या खिशात दोन चिठ्ठ्या सापडल्या आणि त्या आरोपींपैकी एकाने लिहिल्या, असा सरकार पक्षाचा दावा होता. गोळ्यांनी चाळण झालेल्या, रक्ताने भिजलेल्या त्या कपड्यांत चिठ्ठ्या मात्र न फाटलेल्या, न डागाळलेल्या होत्या. न्यायालयाला हे पटले नाही. कबुलीजबाब नोंदवताना पोटानेच घालून दिलेले निर्बंध पाळले गेले नव्हते. कबुलीनंतर आरोपींना न्यायालयीन कोठडीत पाठवायला हवे होते, तसे झाले नाही. खटला चालवायची मंजुरीही विचार न करता दिली गेली, असे न्यायालयाने म्हटले. इतक्या गंभीर गुन्ह्याचा तपास इतक्या हलगर्जीपणे व्हावा, याबद्दल न्यायाधीशांनी व्यथा नोंदवली.

तोच पुरावा दोन न्यायालयांनी फाशीला पुरेसा मानला आणि तिसऱ्याने तो निकामी ठरवला. कबुलीच्या तरतुदीला विरोध करणारे इथेच बोट ठेवतात. त्यांच्या मते निरपराध माणसाला शिक्षा होण्याइतकेच, कधी त्याहूनही वाईट म्हणजे कबुली हाती आली की खरा शोध थांबतो.

मुंबईच्या लोकलमधले स्फोट याच चर्चेत येतात. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट झाले, १८० हून अधिक प्रवासी गेले. २०१५ मध्ये मकोका न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवले, त्यांतल्या पाच जणांना फाशी दिली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सर्वांची शिक्षा रद्द केली. कबुलीजबाब विश्वासार्ह नाहीत, ओळखपरेडीच्या साक्षी फार उशिराच्या आहेत, असे खंडपीठाने म्हटले. तीनच दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने या निकालाचा दाखला इतर खटल्यांत घेण्यास मनाई केली, पण सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात पाठवले नाही. त्याच महिन्याच्या शेवटच्या दिवशी २००८ च्या मालेगाव स्फोटाच्या खटल्यात एनआयए न्यायालयाने सातही आरोपींना पुराव्याअभावी सोडले. त्या स्फोटात सहा जण गेले होते. दोन खटल्यांतले आरोपी वेगवेगळ्या समाजांचे, आरोप करणारे आणि बचाव करणारे राजकीय आवाजही वेगवेगळे. मालेगावकराच्या आणि लोकलमधल्या प्रवाशाच्या हाती मात्र सतरा आणि एकोणीस वर्षांनी सारखेच उत्तर आले : गुन्हा झाला, गुन्हेगार कोण ते सिद्ध झाले नाही.

जर्मन बेकरीचा निकाल शिक्षा आणि सुटका या दोन टोकांच्या मध्ये बसतो. एकाच आरोपीवर चाललेल्या खटल्यात २०१३ मध्ये फाशी झाली. २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने कटाच्या आणि हत्येच्या आरोपांतून त्याला मुक्त केले, स्फोटके बाळगल्याबद्दलची जन्मठेप मात्र कायम ठेवली. म्हणजे बेकरीतल्या सतरा मृत्यूंसाठी त्या निकालाने कोणालाच जबाबदार धरले नाही.

या दोन बाजूंपलीकडे अलीकडे एक तिसरा विचार जोर धरतो आहे आणि मला तो सर्वांत फलदायी वाटतो. कबुली ग्राह्य की अग्राह्य या वादात अडकण्यापेक्षा कबुलीची गरजच कमी करा, असे तो सांगतो. घटनास्थळ राखणे, अवशेषांचे नमुने मोहोरबंद करून त्यांचा प्रवास नोंदवणे, फोनच्या नोंदी वेळेत मागवणे ही कामे पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत झाली नाहीत, तर नंतर कितीही कडक कायदा आणला तरी ती भरून येत नाहीत. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाणे आणि झडतीचे चित्रीकरण करणे बंधनकारक केले आहे. प्रयोगशाळा आणि माणसे पुरेशी नसताना हे कसे जमणार, ही शंका यंत्रणेतले लोकच बोलून दाखवतात.

साक्षीदाराचा प्रश्न बडोद्याला परका नाही. २००२ मध्ये हनुमान टेकरीजवळची बेस्ट बेकरी जमावाने जाळली. तो दहशतवादाचा खटला नव्हता, पण साक्षीदार उलटले आणि २००३ मध्ये इथल्या जलदगती न्यायालयात सर्व आरोपी सुटले. सर्वोच्च न्यायालयाने फेरसुनावणी महाराष्ट्रात करायला लावली, तेव्हा मुंबईत काहींना शिक्षा झाली. साक्षीदार संरक्षण योजनेला सर्वोच्च न्यायालयाची मान्यता मिळाली ती २०१८ च्या डिसेंबरात. इतकी वर्षे साक्षीदाराने कोणाच्या भरवशावर उभे राहायचे, हा प्रश्न होताच.

जखमींचे काय

निकालाची चर्चा वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर होते. जखमींची चर्चा पहिल्या आठवड्यानंतर फारशी होत नाही, आणि या साऱ्या विषयातली मला सर्वांत बोचणारी गोष्ट हीच आहे. स्फोटातला जखमी माणूस काही महिन्यांत बरा होऊन घरी परतत नाही. कानाचे पडदे गेलेले असतात, अंगात छर्रे राहिलेले असतात, शस्त्रक्रिया वर्षानुवर्षे चालतात. रात्री टायर फुटला तरी तो दचकून उठतो.

घटनेच्या रात्री सरकारे सानुग्रह मदत जाहीर करतात. त्याव्यतिरिक्त केंद्राची एक योजना एप्रिल २००८ पासून आहे. तिच्यात मृताच्या कुटुंबाला आणि कायमचे अपंगत्व आलेल्याला तीन लाख रुपये ठरले होते, २०१६ मध्ये ते पाच लाख झाले. अपंगत्व निम्म्याहून कमी मोजले गेले, तर माणूस या योजनेच्या बाहेर राहतो. एका कानाने ऐकू न येणारा दुकानदार किंवा उभे राहून काम करू न शकणारा वाढपी त्या मोजपट्टीत बसेलच असे नाही. न्यायालये निकालात आपली रक्कम घालतात. अहमदाबादच्या निकालाने मृतांच्या वारसांना एक लाख, गंभीर जखमींना ५० हजार, किरकोळ जखमींना २५ हजार सांगितले, तेही साडेतेरा वर्षांनी. मालेगावच्या निकालात दोन लाख आणि ५० हजार असे आकडे आहेत. आरोपी सुटले तरी भरपाई द्यायची, हे मालेगावच्या न्यायालयाने मान्य केले, ही जमेची बाजू.

इथे दोन मते दिसतात. भरपाई म्हणजे सरकारची दया आहे आणि तिजोरीला झेपेल तेवढीच ती द्यावी, असे एक मत. दुसरे मत ती हक्काची मानते. हल्ला व्यक्तीवर नव्हता, समाजावर होता, ती व्यक्ती फक्त त्या क्षणी तिथे होती, म्हणून समाजाने तिचा भार उचलावा, असा त्यामागचा विचार. फ्रान्सने १९८६ पासून हाच विचार निधीच्या रूपात आणला. तिथे विमा करारांवर लहानसा आकार घेऊन दहशतवादाच्या बळींसाठी कायमचा निधी उभा केला जातो. नोव्हेंबर २०१५ च्या पॅरिस हल्ल्यांचा खटला २०२१-२२ मध्ये जवळजवळ दहा महिने चालला. त्यात वाचलेल्या आणि आप्त गमावलेल्या शेकडो माणसांना न्यायालयासमोर आठवडेच्या आठवडे बोलू दिले गेले. आपल्याकडे जखमी न्यायालयात येतो तो सरकारी साक्षीदार म्हणून. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो आणि जातो.

सुटलेल्यांचे काय

अक्षरधाम खटल्यातून सुटलेल्यांनी तुरुंगातल्या वर्षांची भरपाई मागितली, तेव्हा २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मागणी ऐकून घ्यायला नकार दिला. प्रत्येक निर्दोष सुटकेनंतर भरपाई द्यावी लागली तर धोकादायक पायंडा पडेल, ही न्यायालयाची चिंता होती. ती निराधार नाही. पुरावा कमी पडल्याने सुटलेला आणि खोट्या पुराव्यावर गोवलेला, यांच्यात फरक करावाच लागतो. नेमका तो कसा करायचा, हे विधी आयोगाने २०१८ च्या २७७ व्या अहवालात सुचवले. दुष्ट हेतूने किंवा सद्भाव सोडून चालवलेला खटला कोणता, हे विशेष न्यायालयाने ठरवावे आणि तसे ठरल्यास सरकारने भरपाई द्यावी, अशी त्याची शिफारस होती. तसा स्वतंत्र कायदा झालेला नाही.

बर्मिंगहॅमची गोष्ट इथे आठवते. नोव्हेंबर १९७४ मध्ये तिथल्या दोन पबांत बॉम्ब फुटले, २१ जण गेले. सहा जणांना जन्मठेप झाली. सोळा वर्षांनी, १९९१ मध्ये, ते निर्दोष ठरले. त्यानंतर ब्रिटनने अशा निकालांची स्वतंत्र छाननी करणारा आयोग स्थापन केला आणि तो १९९७ पासून काम करतो आहे. तरीही त्या एकवीस मृत्यूंसाठी खऱ्या गुन्हेगाराला शिक्षा झालेली नाही. मृतांची कुटुंबे अजून लढत आहेत.

जागा सुरक्षित कशी करायची

गुजरातने २०२२ मध्ये सार्वजनिक सुरक्षेचा कायदा केला. मोठी वर्दळ असलेली दुकाने, देवळे, रुग्णालये, संस्था यांनी कॅमेरे बसवावेत आणि चित्रीकरण ठरावीक दिवस जपून ठेवावे, अशी त्यात सक्ती आहे. कॅमेरा हल्ला थांबवत नाही, पण नंतरच्या तपासाला कबुलीवर टेकण्याची गरज कमी करतो, असे त्याचे समर्थक म्हणतात. एवढी नजर ठेवली जाते तेव्हा ते चित्रीकरण कोण पाहणार आणि कोणाविरुद्ध वापरणार, हा नागरी स्वातंत्र्य मानणाऱ्यांचा प्रश्न आहे. मँचेस्टरच्या २०१७ च्या स्फोटानंतर, मुलगा गमावलेल्या एका आईच्या पाठपुराव्यामुळे ब्रिटनने एप्रिल २०२५ मध्ये कायदा केला. दोनशे किंवा त्याहून अधिक माणसे जमणाऱ्या जागांनी हल्ला झाल्यास काय करायचे याची तयारी ठेवायची, असे तो सांगतो. भिंती उभारण्यापेक्षा माणसांना तयार करण्यावर त्याचा भर आहे.

मॉलला दार असते, तिथे तपासणीची चौकट लावता येते. लहरीपुऱ्याला दार आहे, पण ते बंद होणारे नाही. खुल्या बाजाराची राखण फेरीवाला, पानवाला आणि रिक्षावालाच करतो. बेवारस पिशवी पहिल्यांदा त्यालाच दिसते. त्याला हटवून रस्ता मोकळा केला म्हणजे सुरक्षा वाढते का घटते, यावर नियोजनकार आणि पोलीस यांचे एकमत नाही. रुग्णालयांबद्दलही तसेच. अहमदाबादनंतर आवारात येणाऱ्या प्रत्येक वाहनाची तपासणी व्हावी असे काहींना वाटते, तर तपासणीत गेलेली मिनिटे जखमीच्या जिवावर बेततील, असे आणीबाणीचे उपचार करणारे डॉक्टर सांगतात.

शहर पुढे कसे जाते

अक्षरधामवर हल्ला झाला तेव्हा गुजरात त्याच वर्षीच्या दंगलींतून सावरलेले नव्हते. काही महिन्यांपूर्वीच्या जखमा ओल्या होत्या. मंदिराच्या संस्थेचे प्रमुख असलेल्या प्रमुखस्वामी महाराजांनी शांततेचे आवाहन केले आणि मोठा प्रतिहिंसाचार झाला नाही. अहमदाबादच्या स्फोटांनंतरही शहर भडकले नाही. हे कशामुळे झाले, नेतृत्वामुळे, बंदोबस्तामुळे की लोक थकले होते म्हणून, यावर अभ्यासकांची मते वेगळी आहेत. या बाजूचा अभ्यास मात्र फार कमी झाला आहे. स्फोट का झाला यावर जेवढे लिहिले गेले, त्याच्या पासंगालाही दंगल का झाली नाही यावरचे लिखाण पुरणार नाही.

हल्ला झालेल्या जागाही आपापल्या रीतीने पुढे गेल्या. २००८ च्या मुंबई हल्ल्यात गोळीबार झालेल्या कुलाब्याच्या लिओपोल्ड कॅफेने भिंतीतल्या गोळ्यांच्या खुणा तशाच ठेवल्या. जर्मन बेकरी २०१३ मध्ये पुन्हा उघडली.

काय बाकी आहे

अहमदाबादच्या ३८ फाशी उच्च न्यायालयाच्या शिक्कामोर्तबाशिवाय अमलात येत नाहीत. तिथे टिकल्या तरी सर्वोच्च न्यायालय पुढे आहेच. अक्षरधामचा अनुभव लक्षात घेता शेवटच्या पायरीआधी काही गृहीत धरणे कोणालाच परवडणारे नाही, मृतांच्या कुटुंबांना तर मुळीच नाही. लोकल स्फोटांच्या निकालाविरुद्ध महाराष्ट्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आहे. त्या प्रकरणात डब्यातून वाचलेले प्रवासी आणि एकोणीस वर्षांनी घरी परतलेले आरोपी एकाच तारखेकडे डोळे लावून आहेत.